द्व्यर्थता आणि सत्य : मोरोपंतांच्या चरित्राचा एक पैलू

मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) यांच्या शब्दप्रभुत्वाचा गौरव जितका झाला, तितकाच शब्दच्छलाचा आक्षेपही त्यांच्यावर घेतला गेला. श्लेष-यमकांच्या आड कवी स्वतःला लपवितो, हा त्या आक्षेपाचा गाभा होय. द्व्यर्थी भाषा सत्य टाळण्याचे साधन होऊ शकते. पंतांनी ती तशी वापरली काय, याचा विचार त्यांच्या चरित्राच्या आधारे येथे करावयाचा आहे.

पराडकर घराणे मूळचे कोकणातील सौंदळचे. पंतांचा जन्म व विद्याभ्यास पन्हाळ्यास झाला. केशव पाध्ये व गणेश पाध्ये हे त्यांचे गुरू. ऐन तारुण्यात ते बारामतीस आले आणि बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयाने, पुराणकथन व काव्यलेखन करीत, कऱ्हेकाठी अखेरपर्यंत राहिले. नाईक हे पेशव्यांचे सोयरे आणि सावकारही. १७४० मध्ये पहिल्या बाजीरावाच्या निधनानंतर बाबूजींनी पेशवेपदासाठी खटपट केली होती. सोयरीक, कर्ज आणि सत्तास्पर्धा एकत्र नांदणाऱ्या अशा घराच्या आश्रितास शब्द जपून वापरण्याचे मोल वेगळे सांगावे लागले नसावे.

पंतांच्या हयातीतच, १७७३ मध्ये, नारायणराव पेशव्यांचा वध झाला. 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका त्याच घटनेभोवती रूढ झाली. परंतु अक्षर बदलणे ही उघड लबाडी होय. अक्षरही न बदलता श्रोत्यास फसविणे अधिक सूक्ष्म असते. त्याचे अभिजात उदाहरण द्रोणपर्वात आहे. अश्वत्थामा मेल्याचे युधिष्ठिर मोठ्याने सांगतो आणि तो हत्ती असल्याचे अस्फुट पुटपुटतो. तोवर भूमीपासून चार अंगुळे वर राहणारा त्याचा रथ खाली येतो. मराठीत 'नरो वा कुंजरो वा' हा वाक्प्रचार या प्रसंगावरूनच रुळला. आर्याभारतात महाभारताची सर्व पर्वे आर्याबद्ध करणाऱ्या पंतांना हा प्रसंग पूर्ण परिचित होता.

श्लेष आणि युधिष्ठिराचे वचन यांतील भेद येथे ध्यानी घ्यावयास हवा. दोहोंत एका शब्दावर दोन अर्थांचा भार असतो. तथापि श्लेष रचणारा कवी दोन्ही अर्थ श्रोत्यापर्यंत पोहोचावेत म्हणून धडपडतो. एक जरी निसटला तरी त्याचे श्रम वाया जातात. युधिष्ठिराचे यश मात्र एक अर्थ न पोहोचण्यावर अवलंबून आहे. भेद शब्दात नसून श्रोत्याविषयीच्या हेतूत आहे.

पंतांच्या सर्वच रचनांचे समर्थन यातून होत नाही. ओष्ठ्य वर्ण पूर्णपणे टाळणारे निरोष्ठ रामायण किंवा मंत्राक्षरे गुंफणारे मंत्ररामायण यांत कसरतीने भावाला मागे सारले, हे मान्य करावे लागते. त्यांच्या प्रमुख ग्रंथांत समकालीन राजकारणाला स्थान नाही, हेही खरे. पण ते मौन आहे. मौनाला द्व्यर्थता म्हणता येत नाही.

निर्णायक साक्ष केकावलीची. १८६५ मध्ये दादोबा पांडुरंगांनी 'यशोदा पांडुरंगी' लिहून ज्या काव्याची चिकित्सा केली, त्याचे नावच श्लिष्ट आहे. मयूर म्हणजे मोर आणि मयूर म्हणजे कवीही. केका ही मोराची हाक. मेघाकडे पाहून मोराने टाहो फोडावा, तसा कवी ईश्वराला आळवितो आणि स्वतःचे दोष त्याच्यापुढे मांडतो. आयुष्यभर श्लेषाचा सराव केलेल्या पंतांनी येथे तो आड लपण्यासाठी वापरला नाही. आपले नाव व आपली आर्तता एकाच शब्दात उघड करण्यासाठी वापरला. पंतांवरील आक्षेप म्हणूनच सरसकट मान्य करता येत नाही. प्रत्येक रचनेत दुसरा अर्थ कोणासाठी ठेवला आहे, हे पाहूनच त्याचा निर्णय करावा लागेल.