हायड्रोजेलचे प्रवर्तक ओटो विख्तेर्ले

हृदयाचा आलेख काढताना छातीवर चिकटविल्या जाणाऱ्या पट्टीतील मऊ, ओलसर थर हा अनेकदा विद्युतवाहक हायड्रोजेलचा असतो. शरीराशी संबंध येणारा पदार्थ शरीरासारखाच मऊ आणि पाणी धरून ठेवणारा असावा, हा विचार वैद्यकात रुजविण्याचे मोठे श्रेय झेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तेर्ले यांना जाते.

२७ ऑक्टोबर १९१३ रोजी प्रॉस्टेयोव्ह येथे जन्मलेल्या विख्तेर्ले यांचे शिक्षण प्रागमध्ये झाले. नाझींनी १९३९ मध्ये झेक विद्यापीठे बंद केल्यावर त्यांनी झ्लिन येथे बाटा कंपनीच्या प्रयोगशाळेत काम केले आणि तेथेच ‘सिलॉन’ हा कृत्रिम धागा तयार केला. १९४२ मध्ये गेस्टापोने त्यांना काही महिने तुरुंगात डांबले.

१९५२ मध्ये रेल्वेप्रवासात एक सहप्रवासी डोळ्यात बसवायच्या धातूच्या कृत्रिम भागाविषयी वाचत होता. धातूपेक्षा शरीराशी जुळणारा बहुवारिक पदार्थ बरा, असे विख्तेर्ले यांनी त्याला सुचविले. हा विचार मग त्यांनी सोडला नाही. सहकारी ड्राहोस्लाव लिम यांच्यासह त्यांनी पाणी शोषूनही न विरघळणारे पारदर्शक जेल सिद्ध केले. त्यांचा शोधनिबंध १९६० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मात्र चांगल्या प्रतीची भिंगे तयार होईनात आणि सरकारी पाठबळ थांबले. १९६१ च्या नाताळात विख्तेर्ले यांनी मुलाच्या खेळण्यातील धातूच्या पट्ट्या, सायकलचा डायनामो आणि घंटीचा ट्रान्सफॉर्मर जोडून स्वयंपाकघरातच यंत्र उभारले. फिरत्या साच्यात त्यांनी पहिली चार मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घडविली. पुढील काही महिन्यांत पत्नी लिंडा यांच्या साह्याने त्यांनी हजारो लेन्स तयार केली.

या शोधाचे हक्क त्यांना विश्वासात न घेता सरकारने १९६५ मध्ये अमेरिकन कंपनीला विकले. १९७१ मध्ये अमेरिकेत या लेन्सना मान्यता मिळाली. पैसा इतरांनी कमावला. १९६८ मधील ‘दोन हजार शब्द’ या सुधारणावादी जाहीरनाम्यावर सही केल्याची किंमत त्यांना संस्थेचे संचालकपद गमावून मोजावी लागली. राजवट बदलल्यावर १९९० मध्ये ते चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. १८ ऑगस्ट १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे मूळ जेल विजेसाठी नव्हते. पुढच्या पिढ्यांनी अशा जेलमध्ये विद्युतवाहक बहुवारिके वा कार्बनचे सूक्ष्म कण मिसळले. मेंदूत बसविलेल्या कठीण धातूच्या इलेक्ट्रोडभोवती व्रणाची ऊती वाढते आणि संकेत क्षीण होतात. वाहक जेलचा मऊ लेप हा त्यावरील उपाय म्हणून अभ्यासला जात आहे. हृदयविकाराने निकामी झालेल्या स्नायूवर लावायच्या वाहक पट्ट्यांचे प्रयोगही सुरू आहेत. स्वयंपाकघरातील त्या यंत्रापासून येथवरच्या वाटचालीत विख्तेर्ले यांच्या हाती संपत्ती आली नाही. विचार मात्र त्यांचाच टिकला.