पद्मिनीची ओरिजिनल चाकं कोणती? उत्तर वालचंद हिराचंद यांच्या गोष्टीत आहे

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातनं जुना मुंबई-पुणे हायवे धरला, की कधीतरी एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी दिसते. रंग नवा, क्रोम चकचकीत. पण खाली बघितलं तर रुंद अलॉय व्हील्स. तरीही मालक छातीठोकपणे सांगतो, गाडी ओरिजिनल आहे.

मग ओरिजिनल चाक कोणतं? इटलीतल्या फियाटला होतं ते, की आपल्याकडं कुर्ल्याच्या कारखान्यात बसवलं गेलं ते? हे समजून घ्यायचं असेल तर सुरुवात करावी लागते सोलापूरपासून.

23 नोव्हेंबर 1882 ला सोलापुरात वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म झाला. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. पण वालचंद यांचं मन त्यात रमलं नाही. त्यांची ओळख झाली लक्ष्मणराव फाटक यांच्याशी. फाटक आधी रेल्वेत कारकून होते. दोघांनी भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचं कंत्राट घेतलं आणि तिथनं गाडी सुरू झाली. पुढं त्यांची कंपनी टाटांच्या बांधकाम कंपनीत सामील झाली. मुंबई-पुणे रेल्वेचे बोरघाटातले बोगदे हेसुद्धा त्यांच्याच कामांपैकी एक. आज आकुर्डी स्टेशनवरून मुंबईला जाणारी ट्रेन त्याच घाटातनं उतरते.

पण वालचंद यांना दुसऱ्यांची कंत्राटं करत बसायचं नव्हतं. ज्या गोष्टी बाहेरून येतात, त्या इथं का होत नाहीत, हा त्यांचा कायमचा प्रश्न होता.

1919 मध्ये त्यांनी नरोत्तम मोरारजी यांच्यासोबत सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ग्वाल्हेरच्या सिंदियांकडून लॉयल्टी नावाचं जहाज विकत घेतलं. 5 एप्रिल 1919 ला ते मुंबईहून लंडनला निघालं. समुद्रावर ब्रिटिश कंपन्यांचं राज्य होतं, त्यामुळं या धंद्यात तोटा झाला, भाड्याची जीवघेणी स्पर्धा झाली. पण कंपनी टिकली. आजही 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

नाशिक जिल्ह्यातलं रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर इथं साखर कारखाने उभे राहिले. डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली, जी आज एचएएल म्हणून ओळखली जाते. 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीची पायाभरणी झाली.

राहिली होती मोटार.

त्या काळात भारतात मोटारी यायच्या, पण सुट्या भागांच्या पेट्यांतून. इथं फक्त नटबोल्ट आवळायचे. वालचंद यांना हे मान्य नव्हतं. त्यांनी आधी फोर्डशी बोलणी केली, ती फिसकटली. मग अमेरिकेच्याच क्रायस्लरशी जमलं. पण दुसरं महायुद्ध सुरू होतं आणि ब्रिटिश सरकारनं हवा तो पाठिंबा दिला नाही. अखेर 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढं फियाटशी करार झाला.

पण 1949 मध्ये वालचंद यांना पक्षाघात झाला. 8 एप्रिल 1953 ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. ज्या गाडीनं प्रीमियरचं नाव घराघरात नेलं, ती फियाट 1100 त्यांनी कुर्ल्यातून बाहेर पडताना पाहिलीच नाही. 1964 मध्ये तिचं 1100 डी हे रूप आलं आणि 1974 मध्ये त्याच गाडीचं नाव झालं प्रीमियर पद्मिनी. तोवर गाडीचे बहुतेक भाग भारतातच बनत होते. प्रीमियरचा एक कारखाना नंतर निगडीच्या शेजारी चिंचवडलाही झाला.

म्हणजे पद्मिनीसाठी इटलीहून मागवलेलं चाक काही जास्त ओरिजिनल ठरत नाही. कुर्ल्यात बसवलेलं चाक हेच तिचं ओरिजिनल चाक. 14 इंची स्टीलची डिस्क, वर व्हील कप आणि 5.20-14 मापाचा अरुंद टायर. यातलं 5.20 म्हणजे टायरची रुंदी इंचात, साधारण 132 मिलिमीटर. या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही. रुंद अलॉय लावले की स्टेअरिंग जड होतं, टायर बॉडीला घासू शकतो आणि बेअरिंगवर जास्तीचा भार येतो.

जुनी डिस्क घेताना ती व्हील बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून बघा. डुगडुगत असेल तर नको. बोल्टची भोकं लांबट झालीत का, त्यांच्याभोवती बारीक तडा आहे का, कुठं वेल्डिंग केलंय का, हे तपासा. यातलं काहीही दिसलं तर सोडून द्या, कितीही स्वस्त मिळाली तरी.

गंज बहुतेक वेळा टायरखाली लपलेला असतो, म्हणून टायर काढूनच डिस्क साफ करा. रंग पातळ द्या. बोल्ट जिथं टेकतो तिथं जाड थर बसला, तर बोल्ट नंतर सैल पडतात. बोल्ट आवळताना समोरासमोरचे आवळा आणि 50-100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. आत ट्यूब हवीच. जुन्या पद्धतीचे क्रॉस-प्लाय आणि रेडियल टायर एकाच गाडीला मिसळून लावू नका. टायरवरच्या चार आकडी कोडवरून तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते कळतं. गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल तर नक्षी शाबूत असूनही रबर म्हातारं झालेलं असतं.

आणि हा फक्त हौसेचा मामला नाही. 2021 च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळू शकतो. सुरुवातीच्या पद्मिनींनी ही पन्नाशी आता ओलांडली आहे. त्यामुळं जुनी डिस्क भंगारात देण्याआधी एकदा विचार करा. पेट्यांतून आलेले भाग जोडत न बसता इथंच गाडी घडवायची, या एका माणसाच्या हट्टातून ती तुमच्यापर्यंत आली आहे.