न गंजणाऱ्या सुरीचा जनक : हॅरी ब्रिअर्ली

ऐरण आणि भाता यांवर आपल्या समाजाच्या कित्येक पिढ्या पोसल्या. हत्याराला पाणी देण्याची विद्या आपल्या वाडवडिलांनी हातांनी व डोळ्यांनी जतन केली. त्याच विद्येच्या बळावर मोठ्या पदास चढलेल्या एका परदेशी कारागिराचे चरित्र समाजातील तरुणांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

हॅरी ब्रिअर्ली यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडातील शेफील्ड या पोलादाच्या गावी झाला. वडील मुशीत पोलाद वितळविणारे कामगार, घरात दारिद्र्य. बाराव्या वर्षी शाळा सुटली. प्रयोगशाळेत बाटल्या धुता धुता हा मुलगा रसायनशास्त्र शिकला. पुढे काही वर्षे रशियन साम्राज्यातील रीगा येथील कारखान्यात त्यांनी काम केले आणि १९०८ मध्ये ते शेफील्डच्या ब्राउन-फर्थ संशोधनशाळेचे प्रमुख झाले. १९११ साली हत्यारी पोलादाच्या उष्णसंस्कारांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

१९१२ साली बंदुकीच्या नळ्या आतून का झिजतात याचा शोध त्यांच्याकडे आला. त्यासाठी १३ ऑगस्ट १९१३ रोजी ओतलेल्या पोलादात सुमारे १२.८ टक्के क्रोमियम होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी त्यावर तेजाब घातले, तर ते खाईना. सिरका व लिंबाचा रसही त्यावर डाग पाडीना. हे पोलाद बंदुकीपेक्षा सुरीस योग्य, हे त्यांनी तेव्हाच ओळखले.

परंतु खरी परीक्षा पुढेच होती. ज्या कारागिरांकडे हे पोलाद प्रथम गेले त्यांनी ते निरुपयोगी ठरविले आणि न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक अशी ब्रिअर्लींची थट्टा झाली. दोष धातूचा नव्हता, आगीचा होता. साधे पोलाद सुमारे ७८० अंश सेंटिग्रेडपर्यंत लाल तापवून पाण्यात वा तेलात बुडविले की कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा सुमारे २३० ते ३०० अंशांपर्यंत तापवितात आणि पिवळा, जांभळा, निळा असा चढता रंग पाहून कठीणपणा थोडा उतरवितात. त्यामुळे धार राहते आणि पाते मोडत नाही. नवे पोलाद या रीतीस वश होईना. त्यातील क्रोमियम व कर्ब यांचे संयुग सुमारे १००० अंशांच्या आसपासच पुरेसे विरघळते. जुन्या सवयीने तापविलेले पाते मऊ राही व त्याची धार वळे. उलट घडणीच्या वेळी फार तापून नुसत्या हवेत निवलेले पाते आपोआप इतके कठीण होई की कानस लागेना. एकच धातू एकास मऊ, दुसऱ्यास वज्रासारखा भासला, याचे रहस्य हेच.

१९१४ मध्ये मोझली यांच्या सुरीच्या कारखान्यातील अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी हे काम अंगावर घेतले. पहिल्या पात्यांनी साचेच बोथट केले. दुसरी ठिसूळ निघाली. तिसऱ्या खेपेस ब्रिअर्ली स्वतः उभे राहिले आणि पाती उतरली. डाग न धरणारे पोलाद हे नाव स्टुअर्ट यांनीच रूढ केले. त्याच सुमारास जर्मनी व अमेरिका येथेही असे शोध लागत होते. तथापि सुरीच्या पात्यास हे पोलाद लाभले ते मुख्यतः ब्रिअर्लींच्या चिकाटीमुळे.

हक्कांच्या प्रश्नावर मालकांशी मतभेद होऊन त्यांनी ती संस्था सोडली व १९१५ मध्ये ते दुसऱ्या कारखान्यात गेले. १९१६ साली त्यांना अमेरिकेत पेटंट मिळाले, १९२० साली बेसेमर सुवर्णपदक लाभले. १९४१ मध्ये त्यांनी शेफील्ड येथे एक धर्मादाय निधी स्थापन केला. १४ जुलै १९४८ रोजी टॉर्की येथे त्यांचे निधन झाले.

भट्टीचा अनुभव आणि शास्त्राचे ज्ञान या दोहोंचा संगम या पुरुषाच्या ठायी झाला होता. थट्टा झाली असता कारागिरास दोष देऊन ते घरी बसले नाहीत, त्याच्या भट्टीजवळ जाऊन उभे राहिले. आपल्या तरुणांनी वडिलांकडून हात घ्यावा, शाळेतून शास्त्र घ्यावे आणि दोहोंची सांगड घालावी, एवढीच आमची इच्छा.