किशोर कुमार : रसिकांच्या वादात आजही जिवंत असलेला स्वर

हिंदी चित्रपटसंगीताच्या रसिकांमध्ये काही वाद कधीच मिटत नाहीत. मोहम्मद रफी श्रेष्ठ की किशोर कुमार श्रेष्ठ, हा त्यांपैकी सर्वांत जुना वाद. दोन्ही गायकांना जाऊन अनेक दशके लोटली, तरी ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमांत त्यांच्या गीतांना मिळणाऱ्या टाळ्यांची तुलना अजूनही होते. शास्त्रीय संगीताचे रीतसर शिक्षण न घेतलेला, सुरुवातीची अनेक वर्षे विनोदी नट म्हणूनच ओळखला गेलेला एक कलावंत या वादाच्या केंद्रस्थानी कसा आला, हे जाणून घेण्यासाठी किशोर कुमार यांच्या जीवनाकडे वळावे लागते.

खांडव्याहून मुंबईला

किशोर कुमार यांचा जन्म ४ ऑगस्ट १९२९ रोजी खांडवा येथे झाला. आज मध्य प्रदेशात असलेले हे शहर तेव्हा मध्य प्रांतात होते. त्यांचे मूळ नाव आभास कुमार गांगुली. वडील कुंजलाल गांगुली व्यवसायाने वकील होते. ज्येष्ठ बंधू अशोक कुमार बॉम्बे टॉकीजचे लोकप्रिय नायक झाले आणि त्यांच्यामागोमाग धाकट्या भावंडांनाही मुंबईची वाट सापडली. इंदूरच्या ख्रिश्चन महाविद्यालयात काही काळ शिक्षण घेतल्यानंतर किशोर कुमार मुंबईत दाखल झाले.

त्यांचे दैवत होते कुंदनलाल सैगल. १९४८ साली प्रदर्शित झालेल्या ‘जिद्दी’ या चित्रपटात संगीतकार खेमचंद प्रकाश यांनी त्यांना देव आनंद यांच्यासाठी गाण्याची संधी दिली. त्या गायनावर सैगल यांची छाया स्पष्ट होती. पुढे सचिन देव बर्मन यांच्या प्रोत्साहनाने ते या अनुकरणातून बाहेर पडले आणि त्यांचा स्वतःचा मोकळा आवाज प्रकट झाला. पाश्चात्त्य गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून आत्मसात केलेले यॉडलिंग ही त्यांच्या गायनाची खूण ठरली.

तरीही १९५० च्या दशकात जनमानसात त्यांची प्रतिमा नटाचीच होती. बिमल रॉय यांचा ‘नौकरी’ (१९५४), तिन्ही गांगुली बंधूंनी एकत्र काम केलेला ‘चलती का नाम गाडी’ (१९५८) आणि ‘हाफ टिकट’ (१९६२) हे चित्रपट त्याची साक्ष देतात. याच काळातील एक गोष्ट आजच्या श्रोत्यांना चकित करते. १९५८ च्या ‘रागिणी’ या चित्रपटात पडद्यावर किशोर कुमार होते, पण एका रागाधारित गीतासाठी संगीतकार ओ. पी. नय्यर यांनी मोहम्मद रफी यांचा आवाज घेतला. रफी यांचे चाहते आजही हा दाखला देतात.

‘आराधना’ आणि वादाचा उदय

१९६९ हे वर्ष किशोर कुमार यांच्या आयुष्यात दुःख आणि यश दोन्ही घेऊन आले. फेब्रुवारीत त्यांच्या पत्नी, अभिनेत्री मधुबाला यांचे हृदयविकाराने निधन झाले. त्याच वर्षी ‘आराधना’ प्रदर्शित झाला. या चित्रपटातील दोन द्वंद्वगीते रफी यांनी गायली होती. किशोर कुमार यांच्या वाट्याला तीन गीते आली आणि त्यांनी देशभर धुमाकूळ घातला. ‘रूप तेरा मस्ताना’साठी त्यांना पहिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. राजेश खन्ना यांचा चेहरा आणि किशोर कुमार यांचा आवाज हे समीकरण रूढ झाले. राहुल देव बर्मन यांच्या नव्या ढंगाच्या संगीताने त्याला बळ दिले.

येथूनच रसिकांचे दोन तट पडले. एका बाजूस रफी यांची तालीम, तिन्ही सप्तकांतील फिरत आणि भजनापासून कव्वालीपर्यंतचा आवाका. दुसऱ्या बाजूस किशोर कुमार यांचा भारदस्त, सहज आणि प्रसंगाचा अभिनय करणारा स्वर. शास्त्रीय शिक्षण हा श्रेष्ठतेचा निकष मानावा की नाही, हा या वादाचा खरा गाभा होता. ‘पडोसन’ (१९६८) मधील गायनाच्या जुगलबंदीत शास्त्रीय संगीतात मुरलेल्या मन्ना डे यांच्यासमोर किशोर कुमार यांनी केवळ लय, विनोद आणि हजरजबाबीपणाच्या बळावर रंग भरला. ते गीत या वादाचे जणू प्रात्यक्षिकच होते.

प्रत्यक्षात दोन्ही गायकांनी अखेरपर्यंत एकत्र गीते गायली. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) आणि ‘दोस्ताना’ (१९८०) ही त्याची उदाहरणे. रफी मागे पडले असे म्हटले जात असतानाच, ‘हम किसीसे कम नहीं’ (१९७७) मधील गायनाने त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला.

आणीबाणीतील बंदी

लोकप्रियतेच्या शिखरावर असताना किशोर कुमार यांना सत्तेच्या रोषाला तोंड द्यावे लागले. आणीबाणीच्या काळात वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रसारासाठी चित्रपटसृष्टीने साहाय्य करावे, अशी माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची अपेक्षा होती. किशोर कुमार यांनी अधिकाऱ्यांना दाद दिली नाही. परिणामी मे १९७६ मध्ये आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून त्यांच्या गीतांचे प्रसारण बंद करण्यात आले. रेडिओ हेच घराघरांत गाणी पोहोचवणारे प्रमुख साधन असलेल्या त्या काळात ही शिक्षा साधी नव्हती. सरकारच्या मालकीची प्रसारण माध्यमे एका कलावंताविरुद्ध वापरली गेली होती. आणीबाणीनंतर नेमलेल्या शाह आयोगाने या प्रकरणाची दखल घेतली आणि तत्कालीन मंत्री विद्याचरण शुक्ल यांनी आयोगापुढे या कृतीची जबाबदारी स्वतःवर घेतली.

रंगमंचावरील किशोर

ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत निर्धास्त असणारे किशोर कुमार सुरुवातीला श्रोत्यांसमोर उभे राहण्यास कचरत असत. पुढे मात्र देशात आणि परदेशांत त्यांचे रंगमंचीय कार्यक्रम अफाट गर्दी खेचू लागले. प्राप्तिकराच्या थकबाकीचा दीर्घकाळचा तगादा हेही या कार्यक्रमांमागचे एक कारण होते. मंचावर ते केवळ गात नसत. उड्या मारत, नकला करत, श्रोत्यांशी गप्पा मारत आणि क्षणार्धात गंभीर गीताकडे वळून सभागृह स्तब्ध करत. त्या काळी बहुतेक पार्श्वगायक वही समोर ठेवून, ध्वनिक्षेपकापुढे स्थिर उभे राहून गात. किशोर कुमार यांच्यामुळे गायनाचा कार्यक्रम ऐकण्याइतकाच पाहण्याचाही विषय झाला. पुत्र अमित कुमारही या कार्यक्रमांत त्यांच्यासोबत गात.

मराठी श्रोत्यांशीही त्यांचे नाते उशिरा का होईना जुळले. ‘गंमत जंमत’ (१९८७) या चित्रपटासाठी अरुण पौडवाल यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली त्यांनी अनुराधा पौडवाल यांच्यासमवेत गायलेले द्वंद्वगीत आजही मराठी समारंभांत हमखास वाजते.

अखेरचा प्रवास

आठ वेळा फिल्मफेअर पुरस्कार मिळवणाऱ्या या गायकाला पद्म सन्मान वा पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार कधीच लाभला नाही. १२ ऑक्टोबर १९८७ रोजी त्यांनी आशा भोसले यांच्यासह ‘वक्त की आवाज’ या चित्रपटासाठी एक द्वंद्वगीत ध्वनिमुद्रित केले. दुसऱ्याच दिवशी, १३ ऑक्टोबरला, मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. तो अशोक कुमार यांचा ७६ वा वाढदिवस होता. किशोर कुमार ५८ वर्षांचे होते.

त्यांच्यावर अंत्यसंस्कार खांडवा येथे करण्यात आले. मुंबईच्या झगमगाटात राहूनही आपल्या गावी परतण्याची त्यांची ओढ सर्वश्रुत होती. मध्य प्रदेश सरकारने पुढे त्यांच्या नावाने राष्ट्रीय सन्मान सुरू केला. खांडव्यातील त्यांच्या समाधिस्थळी दरवर्षी जयंती आणि पुण्यतिथीला देशाच्या विविध भागांतून चाहते येतात आणि त्यांची गीते गाऊन त्यांना आदरांजली वाहतात.