पंडिता रमाबाई : मद्रास इलाख्यातील दुष्काळापासून केडगावच्या मुक्ती सदनापर्यंत

चेपॉकहून मैलापूरकडे लोकलने जाताना रुळांच्या कडेने जाणारा बकिंगहॅम कालवा आम्हा चेन्नईकरांना नित्य दिसतो. आज त्याची जी दुर्दशा झाली आहे ती पाहून कोणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा वळून पाहत नाही. परंतु कूवम आणि अड्यार या नद्यांना जोडणारा त्याचा शहरातील भाग १८७७-७८ साली दुष्काळी काम म्हणून खणला गेला, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. १८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत पडलेल्या त्या महादुष्काळाने पन्नास लाखांहून अधिक माणसे गिळली. या दुष्काळाच्या आणि त्याच्या आगेमागे आलेल्या अवर्षणाच्या वर्षांत मद्रास इलाख्यातील तीर्थक्षेत्रांतून एक मराठी पुराणिक कुटुंब अन्नान्नदशेत भटकत होते. त्या कुटुंबातील सोळा-सतरा वर्षांची धाकटी मुलगी पुढे पंडिता रमाबाई म्हणून जगाला ठाऊक झाली.

रमाबाईंचे चरित्र महाराष्ट्रात अनेकांनी सांगितले आहे. मात्र ते बहुधा पुण्यापासून सुरू होते. आम्हा दक्षिणेतील मराठी मंडळींनी ते दक्षिणेपासून सांगावे हे उचित होय. कारण त्यांच्या पुढील आयुष्यातील सेवाधर्माचे मूळ याच मातीत आहे, असे आम्हांस वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृताचे गाढे विद्वान आणि आचारविचारांनी कर्मठ वैष्णव. तथापि स्त्रियांनी संस्कृत शिकण्यास शास्त्राचा विरोध नाही अशी त्यांची खात्री होती. पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी स्वतः शिकविले. त्याबद्दल उडुपीच्या पंडितांपुढे जाब देण्याचा प्रसंग आला, तेव्हा शास्त्राधारे आपली बाजू मांडून ते परत आले. गंगामूळचा त्यांचा आश्रम म्हणजे विद्यार्थी आणि अतिथी यांचे मुक्तद्वार. त्या आतिथ्यातच घर कर्जबाजारी झाले. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना आश्रम मोडला आणि वेताच्या पेटाऱ्यात निजलेली ती तान्ही मुलगी एका सेवकाच्या डोक्यावरून तीर्थयात्रेला निघाली. यात्रा संपली ती आईबापांच्या मृत्यूनेच.

देवळाच्या आवारात बसून पुराण सांगावे, श्रोते ठेवतील त्यावर निर्वाह करावा, उरेल ते दान करावे, असा या कुटुंबाचा क्रम होता. आई लक्ष्मीबाईंनी मुलीला पहाटे उठवून श्रीमद्भागवत पाठ करविले. दुष्काळ आला तेव्हा मात्र श्रोतेच उपाशी होते. होती ती चीजवस्तू गेली, भांडीकुंडी गेली, रानातली पाने आणि फळे खाण्याची पाळी आली. अंगमेहनतीचे काम करावे तर ते शिकलेले नव्हते, भीक मागावी तर कुळाचा अभिमान आड येत होता. दृष्टी गेलेले वृद्ध अनंतशास्त्री प्रथम गेले. त्यांच्या मागून थोड्याच दिवसांत रायचूर येथे आई गेली, आणि थोरली बहीण कृष्णाबाई हीही गेली. आईचे प्रेत उचलण्यास पुरेशी माणसे मिळेनात. भाऊ श्रीनिवास आणि मोठ्या प्रयासाने मिळालेले दोघे यांच्याबरोबर चौथी खांदेकरी रमाबाई झाली. उंची कमी असल्यामुळे तिला आपला भाग खांद्यावर नव्हे, डोक्यावर घ्यावा लागला.

पुढे बहीणभाऊ पायी उत्तरेकडे निघाले. झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नसल्याने वाळूत खड्डे करून त्यांनी रात्री काढल्या. इतकी वर्षे व्रते केली, दाने दिली, देवांची आराधना केली, त्याचे फळ काय, हा प्रश्न त्या वाटचालीतच त्यांच्या मनात उभा राहिला. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जातीबाहेरचा आणि प्रांताबाहेरचा हा विवाह त्या काळी केवढे धाडस होते हे सांगणे नलगे. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबूंना नेले. आसामातील सिल्चरच्या घरी असतानाच लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत रमाबाईंच्या हाती आली होती.

तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री डॉक्टर तयार करण्याची निकड मांडली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहिल्या. तेथून त्यांना लंडनमधील फुलहॅमच्या एका सदनात नेण्यात आले. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना त्या भगिनी ममतेने सांभाळीत होत्या. अशा स्त्रियांना कठोर शासन सांगणारी वचने रमाबाईंनी वाचली होती, त्यांना पोटाशी धरणारी माणसे प्रथमच पाहिली. यामागचे कारण विचारता त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांची कथा सांगण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

या धर्मांतराने महाराष्ट्रात खळबळ उडाली, हे सर्वांस माहीत आहे. पण त्यांचे नवे धर्मबंधूही त्यांच्यावर फारसे संतुष्ट नव्हते, हे तितकेसे माहीत नाही. पंथोपपंथांची भांडणे आणि धर्मगुरूंची आज्ञा या दोहोंपुढे मान तुकविण्यास रमाबाई तयार नव्हत्या. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत असता पुरुषांना शिकविण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी ती हरकत मुकाट्याने मानली नाही. पोशाख त्यांनी बदलला नाही, शाकाहार सोडला नाही. ख्रिस्ताचे शिष्यत्व पत्करले म्हणजे इंग्रजांचे अनुयायित्व पत्करले असे नव्हे, हा त्यांचा निश्चय होता. त्यांची श्रद्धा वादातून सिद्ध करण्याची नव्हती, आचरणाची होती.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या फिलाडेल्फियाला गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले. बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. तेथील विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. महर्षी कर्व्यांच्या कार्याचा एक झरा असा शारदा सदनातून निघालेला आहे.

येथे त्या प्रसंगाकडे वळले पाहिजे, ज्यावर आजही दुमत आहे. शारदा सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, मुलींना आपापले आचार पाळू द्यावयाचे, अशी अट होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. त्यावरून वादळ उठले. केसरीने कडक टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे-भांडारकरांची बाजू अवाजवी होती असे आम्ही म्हणणार नाही. समाजाने विश्वासाने मुली पाठविल्या होत्या, आणि पोरक्या बालविधवेच्या मनावर तिला आधार देणाऱ्या आईचा प्रभाव पडणारच. उलट, जी श्रद्धा आपल्या जगण्याचा आधार, ती दार लावून लपविणे रमाबाईंना अप्रामाणिकपणाचे वाटले. दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणा होता, आणि म्हणूनच ही ताटातूट अधिक दुःखदायक झाली. रमाबाईंनी दार उघडे ठेवले आणि त्याची किंमत भरली.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्या वार्ता ऐकून वीस वर्षांपूर्वीचे सगळे रमाबाईंच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. त्या स्वतः तिकडे गेल्या. उपाशी मुली भुकेच्या आमिषाने कोणाच्या हाती पडत होत्या हे त्यांनी पाहिले आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन त्या परतल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवता येईना. शारदा सदनाच्या निर्वाहासाठी फळबाग करावी म्हणून केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेतली होती. तेथे छपरे उभारली गेली आणि मुक्ती सदन जन्मास आले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या, तेव्हा वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दुष्काळात आईला चार घास देता न आलेल्या मुलीने इतक्या ताटांची सोय केली.

मुक्ती ही केवळ शाळा नव्हती, ते घर होते. मोठ्या मुलींकडे लहान मुली सोपवल्या जात आणि कालपर्यंत पोरकी असलेली मुलगी आज दुसरीची आई होई. जिला परत घर नाही तिच्यासाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन, अंधांसाठी बार्तीमी सदन, मुलांसाठी सदानंद सदन अशा शाखा झाल्या. विणकाम, शिवण, शेती, दुभती जनावरे, तेलाचा घाणा, छापखाना, सारे बायकाच चालवीत. ज्या श्रमाची लाज आपल्या घरच्यांच्या जिवावर उठली, तो श्रम रमाबाईंनी आपल्या लेकींना अभिमानाने शिकविला. १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट आली आणि मुलींचे गट आसपासच्या खेड्यांतून सेवेस व सुवार्तेस जाऊ लागले.

मनोरमेविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर हे चरित्र अपुरे राहील. आई अमेरिकेत झगडत असता ही चिमुरडी वाँटेजच्या भगिनींपाशी राहिली. हजारो मुलींच्या आईची ती एकुलती एक लेक, पण आईचा वाटा तिला सर्वांत मिळूनच मिळाला. तिने त्याची तक्रार मांडीत न बसता आईचेच काम अंगावर घेतले. मुंबई विद्यापीठाची बी. ए. झाली, अंध मुलींना ब्रेल शिकविले, शारदा सदन सांभाळले आणि गुलबर्ग्यास मुलींची शाळा चालविली. २४ जुलै १९२१ रोजी ती चाळीसाव्या वर्षी गेली. रमाबाईंनी आईबाप, भाऊ, बहीण, पती आणि आता लेक, सर्वांना निरोप दिला.

तरीही हातातले काम खाली ठेवले नाही. हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्या संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. खेड्यातल्या बाईला वाचून समजावे हा एकच हेतू होता. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच त्याचे खिळे जुळविले. मुद्रिते तपासण्याचे काम त्यांनी अखेरपर्यंत केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण रूपात बाहेर आला. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही चालू आहे.

आमच्या या शहरातही असेच एक काम उभे राहिले. सिस्टर सुब्बलक्ष्मी या बालविधवेने १९११ मध्ये पदवी घेतली आणि बालविधवांना शिकविण्याचे कार्य आरंभिले. मरीनावरील आइस हाउसच्या वास्तूत त्यांच्या मुलींचे वसतिगृह होते. त्या हिंदूच राहिल्या, रमाबाई ख्रिस्ती झाल्या. परंतु आइस हाउसमधील मुलीला आणि केडगावच्या मुलीला मिळालेला आधार एकच होता, हे आम्ही कसे नाकारावे?

आमच्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथात संतांची, वीरांची, कलावंतांची नावे येतील, ती यावीतच. त्यांच्या पंक्तीत रमाबाईंचेही पान असावे, असे आम्हांस वाटले. धर्म बदलल्याने त्यांची मराठी भाषा आटली नाही, उलट आपल्या आयुष्याचे शेवटचे श्रम त्यांनी तिलाच वाहिले. त्यांच्या श्रद्धेशी कोणी सहमत असो वा नसो, ज्या उपासमारीतून त्या गेल्या तिची आठवण त्यांनी सूडासाठी राखली नाही, परक्यांच्या मुलींना जेवू घालण्यासाठी राखली. परमुलखात येऊन वसलेल्या, शेजाऱ्यांच्या आधाराने रुजलेल्या आम्हा कुटुंबांना याहून निकटचा वारसा कोणता असणार?