आधी हाताने न उघडणारं झाकण बनवलं, मग ते उघडायला ओपनर पण यानेच शोधला

काचेच्या बाटलीतलं कोल्ड्रिंक समोर येतं आणि नेमका ओपनर सापडत नाही. मग घरातला प्रत्येक जण इंजिनीअर होतो. कुणी चमचा आणतं, कुणी लायटर काढतं, कुणी बाटली टेबलाच्या कडेला टेकवून वरून बुक्की मारतं. आणि एखादा बहाद्दर थेट दात लावतो.

पण हे पत्र्याचं झाकण एवढं चिवट का असतं? आणि ओपनर लावला की तेच झाकण एका झटक्यात कसं निघतं?

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच माणसापाशी जातं, कारण झाकण आणि ओपनर दोन्ही त्याचेच. त्याचं नाव विल्यम पेंटर. आडनाव पेंटर असलं तरी भावाचा रंगाशी काही संबंध नव्हता. हा माणूस पक्का मशीनवाला होता.

पेंटरचा जन्म २० नोव्हेंबर १८३८ चा, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातला. घरचे क्वेकर पंथाचे, म्हणजे साधी राहणी आणि कष्टाची सवय. वय वाढलं तसं पोराला डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन शहरात एका चामड्याच्या कारखान्यात काम शिकायला पाठवलं. तिथं त्याचं लक्ष चामड्यापेक्षा मशीनकडे जास्त.

विशीत असतानाच त्याने पेटंट घ्यायला सुरुवात केली. भाड्याचे पैसे टाकायची पेटी, रेल्वेच्या डब्यातली सीट, खोटी नाणी ओळखायचं यंत्र, रॉकेलच्या दिव्याचा बर्नर, असं काहीही. यातल्या कशानेच तो श्रीमंत झाला नाही, पण हात बसत गेला.

१८६५ मध्ये तो बाल्टिमोरला आला आणि एका मशीन शॉपमध्ये फोरमन म्हणून लागला. पुढची बरीच वर्षं पंप आणि इतर यंत्रं बनवण्यात गेली. नोकरी चांगली होती, मान होता. आणि वयाच्या चाळिशीनंतर त्याच्या डोक्यात बाटली शिरली.

आता त्या काळात बाटलीची नेमकी अडचण काय होती, ते बघू.

सोडा आणि बिअरमध्ये गॅस असतो आणि तो सतत बाहेर पडायला बघतो. साधं लाकडी बूच लावलं तर गॅस ते ढकलून देतो, म्हणून ते तारेने बांधावं लागायचं. बूच कोरडं पडलं की आकसतं आणि गॅस निघून जातो, म्हणून बाटल्या आडव्या ठेवाव्या लागायच्या. एवढं करूनही गिऱ्हाइकाच्या हातात बरेचदा मचूळ पाणी यायचं.

यावर जगभर डोकी लागली होती. इंग्लंडच्या हायरम कॉडने १८७२ मध्ये बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी बसवली. आतला गॅसच गोटीला वर ढकलतो आणि तोंड बंद होतं. हीच आपली गोटी सोडा. महाराष्ट्रात आजही सोड्याच्या गाडीवर ती फट्टकन फुटते, ती कॉडची बाटली.

अमेरिकेत चार्ल्स हचिन्सन नावाच्या माणसाने तारेला रबर लावून आतून ओढून बसवायचं झाकण काढलं होतं. ते चाललंही जोरात. पण या सगळ्या प्रकारांत एक गोष्ट सारखी होती. बंद करायची वस्तू महाग होती, म्हणून ती पुन्हा पुन्हा वापरली जायची. तीच गोटी, तेच रबर, तीच तार. धुतली नीट तर ठीक, नाही तर मागच्याची घाण पुढच्याच्या पोटात.

पेंटरने प्रश्न उलटा फिरवला. झाकण पुन्हा वापरायचंच कशाला? ते इतकं स्वस्त करायचं की एकदा वापरलं आणि फेकून दिलं.

१८८५ मध्ये त्याने रबराची एक छोटी चकती आणली. ती बाटलीच्या तोंडातल्या खाचेत बसायची आणि एकदाच वापरायची. त्यावर कंपनीही उभी राहिली. धंदा बरा चालला होता, पण पेंटरचं समाधान होईना. तो अजून स्वस्त, अजून घट्ट काहीतरी शोधत राहिला.

२ फेब्रुवारी १८९२ ला त्याला ते पेटंट मिळालं. पत्र्याची गोल टोपी, तिच्या कडेला चुण्या आणि आतून बुचाची पातळ चकती. टोपी बाटलीच्या तोंडावर ठेवायची आणि वरून दाबायची. चुण्या काचेच्या ओठाखाली घट्ट बसतात आणि बुचाची चकती गॅस अडवते. उलटी धरली की ही टोपी राजाच्या मुकुटासारखी दिसते. म्हणून नाव पडलं क्राउन कॉर्क. सुरुवातीला तिला २४ दाते होते, आज साधारण २१ असतात. बाकी डिझाइन जवळपास तेच.

पण माल चांगला असला तरी विकला जातोच असं नाही.

बाटलीवाले ऐकेनात. त्यांच्याकडे जुन्या बाटल्यांचा ढीग होता. त्या तोंडाने फुंकून बनवलेल्या, एकीचं तोंड दुसरीसारखं नाही. क्राउन बसवायचा तर सगळ्या बाटल्या बदला, वर नवीन मशीन घ्या. एवढा खर्च एका पत्र्याच्या टोपीसाठी कोण करणार?

तेव्हाचा एक किस्सा सांगितला जातो. पेंटरने बाल्टिमोरच्या एका बिअरवाल्याला राजी केलं. त्याने क्राउन लावलेल्या बाटल्या जहाजाने दक्षिण अमेरिकेला पाठवल्या आणि तशाच परत आणल्या. एवढा प्रवास होऊनही बाटल्या गळल्या नव्हत्या.

पुढे पेंटरने पायाने चालणारं झाकण लावायचं मशीनही बनवलं. आणि विसावं शतक सुरू होताना मायकल ओवेन्सचं बाटल्या बनवणारं स्वयंचलित मशीन आलं. आता सगळ्या बाटल्यांची तोंडं एकसारखी निघायला लागली आणि क्राउनचा रस्ता मोकळा झाला.

पण झाकण जेवढं घट्ट, तेवढं ते काढायला अवघड. पेंटरचं झाकण नुसत्या हाताने निघणं शक्यच नव्हतं. गिऱ्हाईक बाटली घेऊन घरी गेलं आणि उघडताच आली नाही, तर ते परत कशाला येईल?

इथं डब्याची गोष्ट आठवावी लागते. टिनच्या डब्याचं पेटंट इंग्लंडमध्ये पीटर ड्युरांडने १८१० मध्ये घेतलं. तो डबा उघडायचं खास हत्यार मात्र १८५५ मध्ये रॉबर्ट येट्सने आणलं आणि अमेरिकेत १८५८ मध्ये एझ्रा वॉर्नरने. म्हणजे जवळपास अर्धं शतक लोक छिन्नी-हातोडी घेऊन जेवायला बसत होते. सैनिक बंदुकीच्या संगिनीने डबे फोडायचे.

पेंटरने ती चूक केली नाही. झाकणानंतर दोनच वर्षांनी, ६ फेब्रुवारी १८९४ ला, त्याने ओपनरचंही पेटंट घेतलं.

ओपनरमागचं विज्ञान आपण सगळे शाळेत शिकलोय. ती दुसऱ्या प्रकारची तरफ आहे. ओपनरची वरची कड झाकणाच्या मधोमध टेकते, तो टेकू. खालचा ओठ झाकणाच्या चुणीखाली अडकतो, तो भार. आणि दांड्याच्या टोकाला आपला हात, ते बल. दांडा लांब असल्यामुळे थोड्या जोरात मोठं काम होतं. चमच्याने हेच करायला गेलं की टेकू आपलं बोट होतं, म्हणून बोट दुखतं. दाताने केलं तर काय होतं, ते डेंटिस्टला विचारा.

याच पेंटरच्या कंपनीत एक सेल्समन होता. त्यालाही काहीतरी शोध लावायची हौस होती. पेंटरने त्याला सल्ला दिला की अशी वस्तू शोध जी लोक वापरतील, फेकतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील. १८९५ मध्ये दाढी करताना त्या सेल्समनच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याचं नाव किंग कॅम्प जिलेट. त्याने वापरून फेकायचं ब्लेड काढलं. १९०३ मध्ये त्याचे फक्त ५१ रेझर विकले गेले आणि पुढच्याच वर्षी आकडा ९० हजारांच्या वर गेला.

म्हणजे वापरा आणि फेका हा जो धंद्याचा मंत्र आज पेनपासून कपापर्यंत सगळीकडे दिसतो, त्याच्या सुरुवातीच्या गुरूंपैकी एक विल्यम पेंटर. रस्त्याच्या कडेला, नदीच्या घाटावर, गडांच्या पायथ्याला पडलेली गंजकी झाकणं ही त्याच मंत्राची दुसरी बाजू. स्वच्छतेसाठी आणलेली वस्तू शेवटी कचरा झाली.

पण त्याच माणसाचा ओपनर मात्र कुणी फेकत नाही. एकदा घरात आला की पिढ्या निघतात.

पेंटरनंतर ओपनरने स्वतःचा पसाराही वाढवला. जानेवारी १९३५ मध्ये अमेरिकेत बिअर कॅनमध्ये विकायला लागली. त्या कॅनला भोक पाडायला टोकदार नाक असलेला ओपनर आला. मग एका टोकाला बाटलीचा आणि दुसऱ्या टोकाला कॅनचा, असं जोडकाम झालं. अमेरिकन लोक याला चर्च की म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरातही तो सापडतो. घट्ट दुधाचा डबा उघडायला समोरासमोर दोन भोकं पाडली जातात ना, ती याच नाकाने. एका भोकातून दूध येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच भोक पाडलं तर दूध अडकत अडकत येतं.

जॅमच्या बरणीचं झाकण फिरत नसेल तर ओपनरने त्याची कड हळूच उचला. आत हवा गेल्याचा आवाज येतो आणि झाकण लगेच फिरतं.

१९५९ मध्ये अर्मल फ्रेझ नावाचा अमेरिकन सहलीला गेला आणि ओपनर घरीच विसरला. गाडीच्या बंपरवर कॅन उघडताना वैतागलेल्या या गड्याने पुढे ओढून उघडायचा कॅन शोधला. नंतर फिरवून निघणारी झाकणं आली, प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. ओपनर संपणार असं वाटत होतं. पण काचेच्या बाटलीवर क्राउन अजून टिकून आहे आणि तो आहे तोवर ओपनरही आहे.

पेंटर १९०३ मध्ये निवृत्त झाला आणि १५ जुलै १९०६ ला बाल्टिमोरमध्ये वारला. वय ६७. नावावर ८५ पेटंट होती आणि कंपनी तोवर अमेरिकेबाहेरही पोचली होती. तीच कंपनी आज क्राउन होल्डिंग्ज म्हणून ओळखली जाते. २००६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं, मृत्यूनंतर बरोब्बर १०० वर्षांनी.

त्याच्या सेल्समनचं नाव आज दाढी करणाऱ्या प्रत्येकाला माहितीये. पेंटरचं नाव मात्र ना झाकणावर आहे, ना ओपनरवर.