खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

संगीत शिकणाऱ्या मुलानें कोणती ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकावी, असें शहापूर-मुरबाडकडील पालक विचारितात. उत्तर खाँसाहेबांच्या चरित्रांत आहे. १८७२ सालीं कैराना येथें जन्मलेले हे गवई पुढें मिरजेस स्थायिक झाले. १९१३ सालीं पुण्यास त्यांनीं आर्य संगीत विद्यालय काढिलें. आधीं तंबोरा नीट जुळला पाहिजे, हा त्यांचा बाणा. त्यांची झिंझोटींतील ठुमरी तबकडीवर ऐकून लहानगे भीमसेन जोशी गुरूच्या शोधार्थ घराबाहेर पडले. १९३७ सालीं मद्रासकडील प्रवासांत प्रकृति बिघडतांच खाँसाहेब सिंगपेरुमाळ कोइल स्थानकावर उतरले, तंबोरा जुळवून दरबारी रागांत त्यांनीं ईश्वरस्मरण केलें आणि तेथेंच प्राण सोडिला. मुलांनो, ती तबकडी ऐकतांना प्रथम षड्ज ओळखा. ज्याचा षड्ज स्थिर, तो मरणाच्या दारींही बेसूर होत नाहीं.